नंबर तोच, दिसतंय स्वच्छ. मग लेन्सवाल्यांनी डोळे कशाला दाखवायचे?

रानजाई | शनिवार, रात्री १०.१५

चार दिवस झाले, चष्मा लावून वावरते आहे. चौदा वर्षांत सलग इतके दिवस चष्मा लावायची ही पहिलीच वेळ, आणि निदान तीन महिने असंच काढायचंय. इथे लेन्स वापरणारे बरेच जण आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

माझा नंबर उजवीकडे उणे ७.५, डावीकडे उणे ७. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला ठाण्यात रीतसर मापं देऊन लेन्स घेतल्या. पहिली काही वर्षं दरवर्षी तपासणीला गेले. मग नोकरी, लग्न, मुलगा. नंबर स्थिरावला होता, त्यामुळे जुन्या खोक्यावरचे आकडे बघून तेच खोकं पुन्हा मागवायचं, एवढंच उरलं. डोळे शेवटचे कधी दाखवले हे आठवेना म्हणून फाइल काढली. साडेसहा वर्षं झाली होती.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेले तेसुद्धा दुखलं-खुपलं म्हणून नाही. लेसरने नंबर घालवता येईल का, एवढंच विचारायचं होतं. डोळा लाल नव्हता, पाणी येत नव्हतं, चुरचुर नव्हती. तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली. मग बाईंनी त्या हनुवटी टेकवायच्या यंत्रासमोर बसवलं आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. वर बघ, खाली बघ. वरची पापणी उलटी केली. डोळ्यात पिवळा रंग लावून निळ्या उजेडात पुन्हा बघितलं. मग विचारलं, "रोज किती तास लावतेस?" चौदा-पंधरा. "लावून झोपतेस का?" दुपारी मुलाला झोपवता झोपवता, लोकलमध्ये, कधी रात्री फार दमले असले तर.

त्यांनी स्क्रीनवर माझाच डोळा दाखवला. बुबुळावरचा तो काचेसारखा पडदा, म्हणजे कॉर्निया, त्याच्या कडेने लाल बारीक केसांसारख्या रेषा आत शिरलेल्या. रक्तवाहिन्या. त्या तिथे असायलाच नकोत. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात म्हणून तर तो पारदर्शक असतो. त्याला प्राणवायू मिळतो तो समोरच्या हवेतून, अश्रूंत विरघळून. त्यावर दिवसाचे पंधरा तास झाकण ठेवलं, तेही माझ्या जुन्या पद्धतीच्या लेन्सचं, की त्याची घुसमट होते. मग तो वर्षानुवर्षं कडेच्या रक्तवाहिन्यांना आत बोलावत राहतो. उणे नंबर मोठा असला की लेन्स कडेला जाड असते, आणि वाहिन्या शिरतात त्याही कडेनेच.

मी विचारलं, मला कळलं कसं नाही? त्या म्हणाल्या, यात दुखत नाही. नजर तेव्हाच अधू होते जेव्हा त्या वाहिन्या बाहुलीसमोर पोचतात.

तूर्त लेन्स पूर्ण बंद. तीन महिन्यांनी पुन्हा बघणार. वाहिन्यांतलं रक्त ओसरेल, पण त्यांच्या रिकाम्या नळ्या तशाच राहतात, आणि पुन्हा घुसमट झाली तर लगेच भरतात. लेसरचा विषय आत्ता नाहीच.

बाहेर येऊन रिक्षात बसले तेव्हा रडू आलं. आळस केला असता तर स्वतःवर चिडले असते. मला खरंच वाटत होतं की स्वच्छ दिसतंय म्हणजे डोळा चांगला आहे. तुमच्यापैकी कोणी शेवटचे डोळे कधी दाखवले, आणि दाखवले म्हणजे नेमकं काय तपासून घेतलं, ते लिहाल का?

पाऊसवेळ | शनिवार, रात्री १०.५२

वाचता वाचता लेन्स काढून डबीत ठेवल्या. आठ वर्षं वापरतेय, चार वर्षं तपासणी नाही. आणि दुपारी लावून झोपणं, ते तर रोजचंच. ताई, तुला काहीच जाणवलं नाही? संध्याकाळी डोळे जड होणं वगैरे?

रानजाई | शनिवार, रात्री ११.०५

संध्याकाळी कोरडे व्हायचे. पण ते कॉम्प्युटरमुळे, असंच धरून चालले होते.

तिरीप | रविवार, सकाळी ८.३०

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, सतरा वर्षं लेन्स बसवण्याचं काम करते. रानजाई, तुम्ही हे मोकळेपणाने लिहिलंत ते फार बरं केलंत. असे डोळे मी महिन्यातून दोन-तीन तरी बघते, आणि त्यातले निम्मेअधिक "बाकी काही त्रास नाही हो" असं म्हणतच खुर्चीत बसतात.

तपासून काय घ्यायचं, ते सांगते. पुष्कळांच्या मनात डोळे तपासणं म्हणजे नंबर काढणं. नंबर हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. लेन्स वापरणाऱ्याची तपासणी सुरू होते लेन्स डोळ्यात असतानाच. म्हणून येताना लेन्स लावून या, निदान दोन तास आधीपासून. पापणी मिटली की लेन्स किती हलते हे मला बघायचं असतं. अजिबात न हलणारी लेन्स घट्ट बसलेली असते. तिच्याखालचे अश्रू बदलत नाहीत, मेलेल्या पेशी आणि घाण तिथेच कोंडून राहते. घालणाऱ्याला मात्र हीच लेन्स सगळ्यात सुखाची वाटते, कारण ती जाणवतच नाही. "फार कम्फर्टेबल आहे" असं कोणी म्हणालं की मी जास्त बारकाईने बघते ते यासाठी.

मग लेन्स काढायची आणि फ्लोरेसिन या रंगाची केशरी पट्टी ओली करून डोळ्याला लावायची. कॉर्नियाचा वरचा थर जिथे खरचटला असेल तिथे निळ्या उजेडात हिरवे ठिपके चमकतात. साध्या उजेडात यातलं काही दिसत नाही. हा रंग मऊ लेन्स शोषून घेते, त्यामुळे नंतर तासभर तरी लेन्स लावायची नाही. चष्मा बरोबर आणा. अजून एक, ज्यांच्याकडे चालू नंबरचा चष्माच नाही अशा लोकांची मला फार काळजी वाटते. डोळा लाल झाला तरी ते लेन्स काढू शकत नाहीत.

त्यानंतर वरची पापणी उलटी करणं. हे टाळलं जातं, कारण माणसं कचरतात. पण वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला बारीक दाणे उठलेत का, हे तिथेच कळतं. लेन्सवर साचलेल्या प्रथिनांमुळे आणि सततच्या घर्षणाने ते उठतात, वाढले तर साबुदाण्याएवढे दिसतात. खाज, चिकट धागेदार चिपड, लेन्स वर सरकणं ही त्याची लक्षणं, पण सुरुवातीला यातलं काहीच नसतं.

पहिल्यांदा लेन्स घेतली असेल तर आठवड्याने, महिन्याने आणि सहा महिन्यांनी दाखवायचं. नंतर सगळं ठीक असेल तर वर्षातून एकदा. मधुमेह असेल, नंबर मोठा असेल, पूर्वी जंतुसंसर्ग झाला असेल तर सहा महिन्यांनी. मधुमेहात कॉर्नियाची संवेदना कमी होते, त्यामुळे जखम झाली तरी दुखत नाही, हे घरच्यांनीही लक्षात ठेवावं. गरोदरपणात कॉर्नियाचा आकार थोडा बदलतो आणि कोरडेपणा वाढतो, त्यामुळे त्या काळात कोणी "लेन्स अचानक टोचायला लागली" म्हणून आली तर मला नवल वाटत नाही.

दक्षिणदरवाजा | रविवार, सकाळी ९.१०

माहिती चांगली आहे, पण एक शंका मनापासून विचारतो. चष्म्याच्या दुकानात संगणकावर डोळे फुकट तपासून मिळतात. मी दर दोन वर्षांनी तिथे नंबर काढून घेतो, लेन्सही तिथूनच. काही बिघडलं असतं तर त्यांनी सांगितलं नसतं का? दरवर्षी डॉक्टरची फी, वर "हे यंत्र, ते यंत्र". आमच्या घरात तिघे चष्मेवाले आहेत. खर्चाचा विचार करावाच लागतो.

रानजाई | रविवार, सकाळी ९.४०

दादा, प्रश्न रास्त आहे. माझी फी ७०० रुपये झाली. महिन्याला लेन्स आणि सोल्युशनवर त्याहून जास्त घालवत होते मी. तरी साडेसहा वर्षांत एकदाही गेले नाही.

तिरीप | रविवार, दुपारी १२.२०

>>काही बिघडलं असतं तर त्यांनी सांगितलं नसतं का?<<

ज्या दुकानात प्रशिक्षित ऑप्टोमेट्रिस्ट आणि स्लिट लॅम्प, म्हणजे ते हनुवटी टेकवायचं यंत्र आहे, तिथे सांगतीलही. अशी दुकानं आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण तो संगणक, म्हणजे ऑटोरिफ्रॅक्टोमीटर, फक्त नंबर मोजतो. डोळ्याची प्रकृती त्याला कळत नाही. पुढच्या वेळी दुकानात दोनच गोष्टी बघा. हनुवटी टेकवून, तिरपा पट्टीसारखा उजेड टाकून कोणी डोळा भिंगातून बघितला का? पापणी उलटी केली का? दोन्हीचं उत्तर नाही असेल तर तो नंबर झाला, तपासणी झाली नाही.

खर्चाचं म्हणाल तर सरकारी रुग्णालयांच्या नेत्रविभागांत आणि धर्मादाय नेत्र रुग्णालयांत ही तपासणी फार कमी पैशात होते. रांग लागते, अर्धा दिवस जातो, पण तपासणी पूर्ण होते.

आणि चष्म्याचा नंबर जसाच्या तसा लेन्ससाठी मागवू नका. चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असतो, लेन्स डोळ्यावरच. उणे ४ पर्यंत फरक नगण्य. उणे ८ चा चष्मा असेल तर लेन्स साधारण उणे ७.२५ ची लागते. उणे ८ चीच लावली तर दिसतं, लख्ख दिसतं, पण डोळा दिवसभर ताण घेत राहतो आणि संध्याकाळी कपाळ दुखतं. तसंच खोक्यावरचा ८.४, ८.६ हा आकडा लेन्सच्या वक्रतेचा. स्वस्त मिळाली म्हणून कंपनी बदलली आणि आकडे तेच घातले, तरी ती तुमच्या डोळ्यावर तशीच बसेल असं नाही.

खाडीकाठ | रविवार, रात्री ९.०५

हा धागा दुपारपासून तीनदा उघडून बंद केला. लिहू की नको असं चाललं होतं.

माझा धाकटा भाऊ, तेव्हा सव्वीस वर्षांचा. मासिक लेन्स वापरायचा. अंघोळ लेन्स लावूनच, गावी आला की विहिरीत पोहणं लेन्स लावूनच, सोल्युशन संपलं तर डबी नळाखाली धुऊन घ्यायची. हे आम्ही सगळे बघत होतो. कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पाणी स्वच्छ तर होतं!

मे महिन्यात एका डोळ्याला लाली आली. औषधाच्या दुकानातून थेंब आणले. त्यात स्टेरॉइड होतं, हे नंतर कळलं. दोन दिवस बरं वाटलं. मग दुखणं असं सुरू झालं की तो भिंतीला डोकं टेकवून बसायचा. बाहेरून डोळा बघितला तर इतकं दुखावं असं काही दिसत नव्हतं. खिडक्यांना चादरी लावल्या, उजेड सोसवत नव्हता. पहिल्या ठिकाणी सांगितलं, नागिणीसारखा विषाणू आहे. तीन आठवडे त्याचे उपचार. शेवटी मोठ्या शहरात कॉर्नियाच्या तज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लेन्स वापरतोस? पाण्याशी संबंध?" खरवडून नमुना घेतला. अकांथअमिबा.

हा एक अमिबा. नळाच्या पाण्यात, विहिरीत, तलावात, मातीत सगळीकडे असतो. एरवी आपल्याला काही करत नाही. पण लेन्सला चिकटून कॉर्नियावर बसला आणि तिथे बारीकसं खरचटलेलं असलं की आत शिरतो. स्वतःभोवती कवच करतो, ते क्लोरीनच्या पाण्यालाही दाद देत नाही. पहिले काही दिवस दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. घड्याळ लावून मी आणि आई पाळीपाळीने उठायचो. पीएचएमबी आणि क्लोरहेक्झिडीन, दोन्ही नावं माझ्या तोंडात बसली आहेत. उपचार नऊ महिने चालले. डोळा वाचला, पण बुबुळावर पांढरं फूल राहिलं. पुढे कोणा अनोळखी माणसाच्या नेत्रदानातून कॉर्निया मिळाला आणि त्याला पुन्हा दिसू लागलं. त्या कुटुंबाला आम्ही कधी भेटलो नाही, पण आई दर दिवाळीला त्यांच्या नावाने पणती लावते.

तपासणीशी याचा संबंध काय, असं कोणी म्हणेल. चार वर्षांत त्याला एकदाही कोणी विचारलं नव्हतं, "लेन्स धुतोस कशी, दाखव बघू." वर्षातून एकदा जरी कोणी विचारलं असतं तरी नळाचं पाणी तिथेच बंद झालं असतं. त्या चार वर्षांत तो एका डॉक्टरपुढे बसला असता, एवढंच मला वाटत राहतं.

गोदाकाठ | रविवार, रात्री ९.३०

खाडीकाठ, वाचताना अंगावर काटा आला. भाऊ आता कसे आहेत?

खाडीकाठ | रविवार, रात्री ९.४८

बरा आहे. चष्मा वापरतो. रोपणाच्या डोळ्यासाठी थेंब आणि दर काही महिन्यांनी तपासणी चालूच. ती एकदाही चुकवत नाही.

तिरीप | रविवार, रात्री १०.१५

खाडीकाठ, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. दुखणं डोळ्याच्या दिसण्यापेक्षा कितीतरी जास्त, हीच त्या आजाराची खूण. आणि तो प्रश्न मी प्रत्येक तपासणीत विचारते, नुसता विचारत नाही, माझ्यासमोर लेन्स काढून, धुऊन, डबीत ठेवून दाखवायला लावते. दहा वर्षं वापरणारेसुद्धा त्यात चुकतात. डबीतल्या कालच्या सोल्युशनवर आजचं ओततात. "चोळायची गरज नाही" असं बाटलीवर असलं की तळहातावर चोळत नाहीत. डबी कधीची म्हणून विचारलं तर आठवत नाही, ती तीन महिन्यांत बदलायची असते. रोज रिकामी करून सोल्युशननेच धुवायची आणि उपडी ठेवून वाळवायची.

लोक घाबरून लेन्सच सोडतील असं मला नको आहे, म्हणून प्रमाणही सांगते. ऑस्ट्रेलियात झालेला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. दिवसा मऊ लेन्स लावून रात्री काढणाऱ्यांत वर्षाला दहा हजारांत साधारण दोघांना कॉर्नियाचा जंतुसंसर्ग झाला. लावून झोपणाऱ्यांत साधारण वीस जणांना. प्राणवायू जास्त जाऊ देणाऱ्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्सने झोपणाऱ्यांचा आकडा कमी होईल अशी सगळ्यांची आशा होती, तो झाला नाही. मला या अभ्यासातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. लेन्स कितीही चांगली घ्या, झोपताना काढायचीच.

ओहायोकर | सोमवार, सकाळी ६.५५

इथे अमेरिकेत तपासणीशिवाय लेन्स मिळतच नाहीत. सुरुवातीला मला याचा वैताग यायचा. २००४ पासून असा नियम लागू आहे की लेन्सचं प्रिस्क्रिप्शन साधारणपणे किमान एक वर्ष चालतं, नंतर संपतं. दुकान ऑनलाइन असो की कोपऱ्यावरचं, विक्रेत्याकडे प्रिस्क्रिप्शन हवं, नाहीतर त्याने डॉक्टरकडे पडताळून घ्यायचं. दुसऱ्या बाजूने, आपण न मागताही डॉक्टरने प्रिस्क्रिप्शनची प्रत हातात द्यायलाच हवी, म्हणजे खरेदी कुठूनही करता येते. नुसत्या रंगासाठीच्या, बिननंबरच्या लेन्ससुद्धा २००५ पासून यात धरल्या जातात. भारतात सुट्टीवर आल्यावर बहिणीने फोनवर दोन मिनिटांत सहा महिन्यांच्या लेन्स मागवल्या तेव्हा सोय वाटली होती. आज तिला हा धागा पाठवला.

अजून एक आठवण. २००६ साली बॉश अँड लॉम्बचं रेन्यू विथ मॉइश्चरलॉक हे सोल्युशन बाजारातून परत घेतलं गेलं. फ्युझेरियम नावाच्या बुरशीच्या संसर्गाशी त्याचा संबंध दिसला होता, सिंगापूर, हाँगकाँग आणि अमेरिकेत रुग्ण सापडले होते. माझ्या मोरीतल्या कपाटात तीच बाटली होती. मला ते कळलं ते माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या ऑफिसातून फोन आला म्हणून. दरवर्षी जात असल्यामुळे त्यांच्या यादीत मी होते.

मेंदीवाली | सोमवार, दुपारी २.३५

मी नवरीचा मेकअप करते. रंगीत लेन्स हव्यात असं आता दहापैकी चार-पाच मुली म्हणतातच. सुरुवातीच्या काळात मीही एकच जोडी सोल्युशनमध्ये ठेवून दोन-तीन मुलींना लावली आहे. तेव्हा माहीत नव्हतं. माझ्या एका मुलीला हळदीच्या दिवशी लावलेल्या लेन्सने लग्नाच्या सकाळी डोळा उघडवेना. त्यानंतर नियम केला: लेन्स हवी असेल तर लग्नाच्या महिनाभर आधी डोळे तपासून, स्वतःच्या मापाची, स्वतःची घेऊन यायची. मी फक्त मेकअपच्या आधी ती लावायला मदत करते. दोन गिऱ्हाइकं गेली यामुळे. चालेल.

तिरीप ताई, लेन्स मेकअपच्या आधी लावायची आणि आधी काढायची, हे बरोबर ना?

तिरीप | सोमवार, सायंकाळी ७.१०

अगदी बरोबर. लावताना लेन्स आधी, मग काजळ, मस्कारा. उतरवताना लेन्स आधी, मग मेकअप. आणि काजळ पापणीच्या आतल्या कडेवर नको, तिथेच अश्रूंचं तेल सोडणाऱ्या ग्रंथींची तोंडं असतात.

गोदाकाठ | सोमवार, रात्री ८.४५

माझी मुलगी सोळाची, पोहण्याच्या स्पर्धेला उतरते. लेन्स हवी म्हणते. खाडीकाठ यांचं वाचून हिंमत होत नाही. आणखी एक. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीकडून डोळ्यांची साथ आली होती, तेव्हा माझ्या भाचीचे डोळे आले. बरे झाल्यावर तिने जुन्याच लेन्स लावल्या आणि आठवड्यात पुन्हा डोळे लाल. तेव्हा तिला डॉक्टर काय म्हणाले कोण जाणे, पण मला तेव्हापासून धास्ती बसली आहे.

तिरीप | सोमवार, रात्री ९.२०

पोहायला लेन्स नकोच. तिच्या नंबरचा पोहण्याचा चष्मा करून मिळतो, तो घ्या. पाण्याबाहेर वापरायला रोज टाकून द्यायच्या लेन्स घेता येतील, डबीचा आणि सोल्युशनचा प्रश्नच राहत नाही. मुलगी जबाबदार असेल तर सोळा हे वय अडचणीचं नाही. पण पहिल्या वर्षातल्या तपासण्या तुम्ही स्वतः तिच्याबरोबर जाऊन करा.

डोळे येऊन गेले की आधीची लेन्स, डबी, उघडी बाटली, काजळ सगळं टाकायचं. लाली गेल्यावरही डॉक्टरने डोळा बघून हो म्हणेपर्यंत नवी लावायची नाही.

उसाच्या_फडातून | मंगळवार, रात्री १०.४०

मी तालुक्याच्या गावी शिक्षक आहे. मला केराटोकोनस आहे, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. चष्म्याने माझं भागत नाही, कडक लेन्स लागते. लेन्स काढली की फळ्यावरचं माझं मलाच वाचता येत नाही. त्यामुळे "लेन्स बंद करा" हे शब्द माझ्यासाठी नोकरीचा प्रश्न असतात.

आमच्याकडे अशी लेन्स बसवणारं कोणी नाही. दर सहा महिन्यांनी रात्रीच्या एसटीने पुण्याला येतो, सकाळी तपासणी, दुपारची गाडी. दोन वर्षांपूर्वी परीक्षांचं काम म्हणून एक खेप चुकवली, मग दुसरीही. त्या वर्षभरात शंकूचा आकार बदलला आणि जुनी लेन्स बरोबर टोकावर घासायला लागली. मला वाटलं धूळ आहे. ऊसतोडीचे दिवस, हवेत पाचटाची राख. डोळे चोळत राहिलो, जे केराटोकोनसला मुळीच करायचं नसतं. गेलो तेव्हा टोकावर छोटासा व्रण झाला होता. बरा झाला, पण तिथे पुसट डाग आहे, रात्री समोरच्या गाडीचे दिवे त्यात फुटतात.

डॉक्टर मला म्हणाले, "सर, तुमच्या लेन्सला वय नाही, डोळ्याला आहे." आता शाळेच्या वर्षाचं नियोजन होतं तेव्हाच मी दोन रजा लिहून ठेवतो. खेड्यात राहणाऱ्या कोणालाही हवी असेल तर कुठे जायचं, काय न्यायचं याची माहिती मी देईन.

शब्दवेडा | बुधवार, सकाळी ७.१५

सगळे पुढच्या भागाबद्दल बोलताहेत, म्हणून मागच्या पडद्याचं लिहितो. माझा नंबर उणे ९. लेन्स लावली की मी बिनचष्म्याचा माणूस होतो, आणि बघता बघता आपला डोळा मोठ्या नंबरचा आहे हेच विसरलो. लेन्सने नंबर झाकला तरी डोळ्याचा गोळा लांबटच असतो आणि पडदा ताणलेला. वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी थेंब घालून बाहुली मोठी केली आणि पडद्याच्या अगदी कडेला पातळ पट्टा आणि एक छिद्र सापडलं. मला ना चमका दिसत होत्या, ना काळे ठिपके. त्याच आठवड्यात लेसरने छिद्राभोवती कुंपण घातलं, दहा-पंधरा मिनिटांचं काम. पडदा सुटला असता तर मोठी शस्त्रक्रिया आणि नजरेची खात्री नाही.

उणे ६ च्या पुढच्या सगळ्यांनी बाहुली मोठी करून पडदा दाखवा. त्या दिवशी गाडी चालवू नका, चार-सहा तास धूसर दिसतं.

पाऊसवेळ | शनिवार, सायंकाळी ६.००

आज जाऊन आले. कॉर्निया ठीक आहे. दोन्ही डोळ्यांत थोडे हिरवे ठिपके निघाले, कोरडेपणाचे. दोन आठवडे लेन्स बंद, कृत्रिम अश्रूंचे थेंब. आणि माझी लेन्स घट्ट बसते आहे म्हणून माप बदलणार. तिरीप ताई, तुम्ही लिहिलं होतं तसंच झालं: मला ती कधी जाणवतच नव्हती.

दक्षिणदरवाजा | पुढचा रविवार, सकाळी १०.३०

मी दुकानात गेलो होतो. तिरीप यांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी विचारल्या. तिथला मुलगा प्रामाणिक होता, म्हणाला, "काका, ते यंत्र आमच्याकडे नाही." मग आमच्या इथल्या धर्मादाय रुग्णालयात तिघांना घेऊन गेलो. सकाळी साडेआठ ते दीड. मुलाचं आणि बायकोचं ठीक. माझ्या वरच्या पापण्यांच्या आत दाणे निघाले, डावीकडे जास्त. गेलं वर्षभर डावा डोळा खाजतो म्हणून घरातल्या कुत्र्याला दोष देत होतो. मासिक लेन्स मी दोन-दोन महिने चालवत होतो, तेही डॉक्टरांना सांगून टाकलं. महिनाभर बंद, थेंब सुरू. वर विचारलेल्या शंकेचं उत्तर मला मिळालं. तिरीप ताई, आभार.

रानजाई | तीन महिन्यांनंतर, गुरुवार, रात्री ९.५०

कालच तपासणी झाली, म्हणून धागा वर काढते. वाहिन्यांतलं रक्त ओसरलं आहे. स्क्रीनवर मागचा आणि आत्ताचा फोटो शेजारी शेजारी लावून दाखवला. लाल रेषांच्या जागी राखाडी, दोऱ्यासारख्या खुणा आहेत, त्या तशाच राहणार. सिलिकॉन हायड्रोजेलच्या रोज टाकायच्या लेन्स द्यायला त्या तयार झाल्या: दिवसाला आठ तास, आठवड्यात दोन दिवस पूर्ण सुट्टी, झोप एक मिनिटही नाही. पहिली तपासणी महिन्याने. शब्दवेडा यांचं वाचून पडदाही दाखवून घेतला, तो सुरक्षित आहे.

खोकं मी अजून उघडलेलं नाही. मुलाला चष्म्यातली आई आवडायला लागली आहे, तो रात्री माझा चष्मा काढून उशाशी ठेवतो. पुढच्या महिन्यात भावाचं लग्न आहे, तेव्हा उघडेन.

खाडीकाठ | गुरुवार, रात्री १०.२०

फार बरं वाटलं वाचून. लग्नात लेन्स लावशील तर घरी परतताना गाडीत झोपायच्या आधी काढ. डबी आणि चष्मा पर्समध्ये ठेवच.